आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि काउन्सिलच्या घराचा हक्क

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मेळाव्यांत घराचा विषय निघाला की बोलणे बहुधा मॉर्गेजच्या हप्त्यांकडे आणि व्याजदराकडे वळते. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले 1932 साली. तेव्हापासून आजवर आलेल्या पिढ्यांमधल्या सगळ्यांनाच इथे घर विकत घेता आले असे नाही. काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेने भाड्याने दिलेल्या, फ्लॅटमध्ये संसार केलेली, मुले शिकवून मोठी केलेली माणसे आपल्यातही आहेत, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायला त्यांना संकोच वाटतो. हा संकोच मला फार महाग पडताना दिसतो, कारण अडचण उभी राहिली की ही माणसे कोणाला विचारत नाहीत. आज मी ज्या अडचणीबद्दल बोलणार आहे, ती तर न विचारल्यामुळेच बहुतेक वेळा हाताबाहेर जाते. आई किंवा वडील दुसऱ्या गावी, कधी लेस्टरला तर कधी सांगली-कोल्हापूरला, अंथरुणाला खिळलेले असतात. मुलगा किंवा मुलगी त्यांच्या सेवेला जाते. आणि इकडे काउन्सिलच्या घराबद्दल प्रश्न विचारले जाऊ लागतात.

इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या बहुतेक भाडेकरूंना सिक्युअर टेनन्सी, म्हणजे कायद्याचे संरक्षण असलेला भाडेहक्क, असते. तिचा आधार 1985 चा हाउसिंग ॲक्ट, आणि त्या कायद्याच्या 81 व्या कलमात अशी अट आहे की भाडेकरूने ते घर आपले एकमेव किंवा मुख्य घर म्हणून वापरात ठेवले पाहिजे. हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे ना-नफा गृहसंस्थांच्या, भाडेकरूंना 1988 चा कायदा लागू होतो, पण अटीचे शब्द तेच आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये घर सोडून दिलेले दिसते असे वाटल्यास घरमालक संस्था चार आठवड्यांची नोटीस देऊन भाडेकरार संपवू शकते, म्हणून तिथल्या मंडळींनी अधिकच सावध राहावे. मी पुढे जे सांगतो ते मुख्यतः इंग्लंडबद्दल आहे.

या अटीत दिवसांची मर्यादा कुठेही लिहिलेली नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन महिने बाहेर राहिले की हक्क गेला, असे जे आपल्यात ऐकीव सांगितले जाते त्याला कायद्यात आधार नाही. काही भाडेकरारांत ठरावीक आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर जाताना कळवण्याची अट असते आणि ती पाळलीच पाहिजे. परंतु हक्क टिकतो की जातो याचा निर्णय दुसऱ्याच कसोटीवर होतो. परत येण्याचा खरा इरादा आहे का, आणि त्या इराद्याची बाहेर दिसणारी खूण त्या घरात आहे का, असे दोन प्रश्न न्यायालय विचारते. नुसता मनातला इरादा पुरत नाही. 1948 च्या ब्राउन विरुद्ध ब्रॅश या खटल्यात भाडेकरू तुरुंगात गेला होता आणि परतण्याची त्याची इच्छाही होती. पण त्याची जोडीदारीण मुलांना घेऊन आणि बरेचसे सामान उचलून निघून गेली, घरात त्याच्या वास्तव्याची खूण म्हणावी असे फारसे उरले नाही, आणि न्यायालयाने त्याचा हक्क संपल्याचे ठरवले. उलट 1988 च्या क्रॉली विरुद्ध सॉयर या खटल्यातला भाडेकरू मैत्रिणीकडे राहायला गेला होता, त्याच्या फ्लॅटची वीज आणि गॅस दोन्ही तोडलेले होते, तरी तो भाडे भरत होता, अधूनमधून तिथे जात होता आणि परतण्याचा इरादा त्याने सोडलेला नव्हता. अपील न्यायालयाने ते त्याचे मुख्य घरच मानले. 2011 च्या इझ्लिंग्टन विरुद्ध बॉयल या निकालात हीच तत्त्वे पुन्हा नीट मांडली गेली: गैरहजेरी लांबली की घर सोडले असे गृहीत धरले जाऊ शकते, आणि मग ते तसे नाही हे दाखवण्याचा भार भाडेकरूवर येतो.

म्हणजे आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला एक दिवस हे दाखवावे लागेल की आपण जात होतो ते परत येण्यासाठी. हे दाखवायचे ते कागदांनी आणि घरातल्या वस्तूंनी. निघण्यापूर्वी हाउसिंग ऑफिसरला पत्र किंवा ईमेल लिहावे. आईवडिलांच्या आजाराचे स्वरूप, त्यांच्याजवळ राहणारे दुसरे कोणी का नाही, अंदाजे किती काळ लागेल, इथले सामान कपडेलत्त्यांसह जागेवर आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि भाडे कसे भरले जाईल, एवढे त्यात असावे. डॉक्टरांच्या किंवा रुग्णालयाच्या चिठ्ठीची प्रत जोडावी. मुदत वाढली तर वाढल्याचे पुन्हा कळवावे. शिवाय जो नातेवाईक किंवा शेजारी किल्ली सांभाळणार आहे त्याच्याशी काउन्सिलने आपल्या भाडेकराराविषयी बोलावे अशी लेखी संमती द्यावी; ती नसेल तर काउन्सिल त्याला काहीही सांगणार नाही, कारण माहितीच्या गोपनीयतेचा कायदा आड येतो. मला असे म्हणणारी माणसे भेटली आहेत की कळवले तर उगाच संशय येईल. माझे मत याच्या नेमके उलट आहे. न कळवता गेलेल्या भाडेकरूविरुद्ध साचलेल्या टपालाची, वापर न झालेल्या विजेची आणि शेजाऱ्याच्या तक्रारीची नोंद होत राहते, आणि त्याच्या बाजूने बोलणारा एकही कागद फाइलमध्ये नसतो.

अट मोडली असे काउन्सिलला वाटले तर ती नोटीस टू क्विट, म्हणजे घर सोडण्याची नोटीस, देते. तिची मुदत किमान चार आठवड्यांची असते, आणि त्यानंतरही ताबा हवा असेल तर काउन्सिलला न्यायालयात जावेच लागते. परस्पर कुलूप बदलता येत नाही. या नोटिशीबद्दल दोन बारकावे आहेत. अनेक भाडेकरारांत अशी तरतूद असते की नोटीस त्या घरात टाकली म्हणजे ती बजावली गेली, मग भाडेकरू त्या वेळी मिरजेत असो की मँचेस्टरमध्ये. दुसरा बारकावा आशादायक आहे. मुख्य घराची अट तुटलेली असली तरी नोटिशीची मुदत संपण्याआधी भाडेकरू खरोखर परत येऊन राहू लागला तर त्याचे संरक्षण पुन्हा जिवंत होऊ शकते. मुदत संपल्यावर परत आल्याचा तसा उपयोग होत नाही. म्हणून टपाल दर आठवड्याला कोणीतरी उघडून, त्याचे फोटो त्याच दिवशी पाठवले पाहिजेत. नवरा-बायको दोघांच्या नावावर भाडेकरार असेल तर काळजी बरीच कमी होते, कारण दोघांपैकी एकाने घर वापरात ठेवले तरी अट पाळली जाते.

जी चूक सुधारता येत नाही ती पोटभाड्याची. घर रिकामे पडण्यापेक्षा ओळखीच्या विद्यार्थ्याला वर्षभर द्यावे, भाड्याचीही सोय होईल, हा विचार व्यवहारी वाटतो. परंतु सगळे घर पोटभाड्याने दिले की सिक्युअर टेनन्सी कायमची जाते. पोटभाडेकरूला काढून पुन्हा राहायला आले तरी ती परत मिळत नाही. 2013 पासून तर सामाजिक घर (काउन्सिलचे किंवा हाउसिंग असोसिएशनचे) असे लबाडीने भाड्याने देणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण तिथे राहत असताना लॉजर, म्हणजे एखाद्या खोलीत राहणारा पाहुणा-भाडेकरू, ठेवण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे, तो वेगळा. भावाला किंवा भाचीला घर राखायला ठेवायचे असेल तर भाडे घेऊ नये आणि काउन्सिलला त्याचे नाव कळवूनच ठेवावे.

भाडेकराराचा कायदा असा बराच समजूतदार आहे. सरकारी मदतीचे नियम तसे नाहीत. भाड्यासाठी मदत घेणारे निवृत्तिवयाचे भाडेकरू हाउसिंग बेनिफिटवर असतात. ब्रिटनमध्येच दुसऱ्या गावी गेल्यास ते एरवी 13 आठवडे चालू राहते, आणि डॉक्टरांनी मान्य केलेली शुश्रूषा करण्यासाठी गेलेल्याला 52 आठवड्यांपर्यंत सवलत आहे. कमावत्या वयाच्या माणसांना मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीतला घरभाड्याचा भाग देशांतर्गत गैरहजेरीत साधारण सहा महिने मिळतो. पण विमानाने भारतात गेलात की चित्र पालटते: 2016 पासून हाउसिंग बेनिफिटसाठी चार आठवडे, युनिव्हर्सल क्रेडिटसाठी एक महिना, एवढीच मुदत. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला तर तेवढीच मुदत आणखी वाढू शकते. आई जिवंत असून तिला पक्षाघात झालेला आहे, कूस बदलायलाही माणूस लागतो, तर मात्र वाढीव मुदत नाही. हा नियम मला निर्दय वाटतो, आणि मी तसे प्रत्येक व्यासपीठावर सांगतो. पण तो आहे तोवर हिशेब त्याच्याच आधाराने मांडावा लागेल. जाणे मुदतीपेक्षा लांबणार हे आधीच ठरलेले असेल तर मदत पहिल्या दिवसापासूनच नाकारली जाऊ शकते. म्हणून खरा अंदाज सांगावा आणि त्या काळाचे भाडे कुठून येणार हे निघण्याआधी घरात बसून ठरवावे. थकबाकी झालीच तर काउन्सिलशी हप्त्यांचा करार करता येतो, आणि थकबाकीच्या कारणावरून ताबा द्यायचा की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर असते.

काउन्सिल टॅक्समध्ये एक सापळा आहे, आणि त्याविषयी सल्ला देणारेही पुष्कळदा गाफील असतात. दुसऱ्याच्या शुश्रूषेसाठी गेल्यामुळे घर रिकामे राहिले तर त्या घराला टॅक्समधून पूर्ण सूट मिळू शकते. तिला क्लास जे म्हणतात. दरमहा शंभर-दीडशे पौंड वाचत असतील तर कोण अर्ज करणार नाही? परंतु त्या सवलतीची अट अशी आहे की अर्जदाराचे मुख्य निवासस्थान आता दुसरीकडे आहे. म्हणजे टॅक्स विभागाला आपण सहीनिशी सांगतो की माझे मुख्य घर आईचे, आणि त्याच इमारतीतल्या हाउसिंग विभागाला सांगतो की माझे मुख्य घर हा फ्लॅट. दोन्ही कायदे वेगळे आहेत, आणि एका अर्जामुळे दुसरा हक्क आपोआप संपतो असे नाही. तरी न्यायालयात तो अर्ज आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. त्या सवलतीचा अर्ज करण्याआधी घरांच्या कायद्याच्या जाणकाराला विचारावे, आणि बँक, जीपी, मतदार यादी यांतले पत्ते बदलतानाही हाच विचार करावा.

याच प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू तेव्हा दिसते जेव्हा आजारी आई स्वतःच इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या घरात राहते. मुलगी आपला फ्लॅट सोडून तिच्याकडे जाते, दोन वर्षे तिला न्हाऊ-माखू घालते, आणि आई गेल्यावर तिला वाटते की हे घर आता आपल्या नावावर होईल. आईची टेनन्सी 1 एप्रिल 2012 च्या आधीची असेल, पूर्वी एकदा वारसा झालेला नसेल, घरावर हक्क सांगू शकणारे वडील तिथे नसतील आणि मुलगी शेवटचे 12 महिने तिथे आपले मुख्य घर म्हणून राहिली असेल, तर ते होऊ शकते. टेनन्सी त्यानंतरची असेल तर कायद्याने वारसा फक्त पती, पत्नी किंवा जोडीदाराला मिळतो. भाडेकरारात वेगळे लिहिलेले नसेल तर मुलांना काहीच नाही. आणि पहिल्या प्रकारात वारसा सांगायचा म्हणजे आपला स्वतःचा फ्लॅट मुख्य घर नव्हता असे कबूल करणे आले. दोन्ही घरे एकाच वेळी राखता येत नाहीत. अशा मुलीने आईकडे जाण्यापूर्वी आईच्या भाडेकराराची तारीख पाहिली पाहिजे. आईच्या आजारपणात तारखा काय शोधायच्या, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण शोक आणि बेघरपणा एकाच महिन्यात आलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे स्पष्ट बोलतो.

कायमचेच आईवडिलांच्या गावी राहायचे असेल तर आपला फ्लॅट परत करण्याची घाई करू नये. काही अधिकारी, कधी चांगल्या हेतूनेही, सुचवतात की चाव्या द्या, नंतर पुन्हा अर्ज करा. चाव्या दिल्यावर घरासाठी अर्ज केला तर तुम्ही जाणूनबुजून बेघर झालात असे काउन्सिल म्हणू शकते, आणि मग तिचे कर्तव्य फारच थोडे उरते. सिक्युअर भाडेकरूला दुसऱ्या सामाजिक भाडेकरूशी घराची अदलाबदल करण्याचा हक्क आहे. दुसऱ्या गावच्या काउन्सिलशीही ती करता येते, आणि अर्जावर काउन्सिलने 42 दिवसांत उत्तर द्यायचे असते. जुळणारे घर मिळायला वेळ लागतो, म्हणून आजाराचे निदान होताच नाव नोंदवावे. शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन मागण्याचा हक्क 2014 च्या केअर ॲक्टने दिला आहे. तो अर्ज मात्र ज्यांची सेवा करतो त्यांच्या गावच्या काउन्सिलकडे करायचा असतो, आपल्या नव्हे.

रिकाम्या घराच्या दुरुस्तीविषयी थोडक्यात सांगतो. गॅसच्या उपकरणांची तपासणी दर 12 महिन्यांनी करणे घरमालकाला बंधनकारक आहे आणि दार उघडायला कोणी नसेल तर त्याचाही ठपका भाडेकरूवर येतो. 27 ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमध्ये अवाबचा कायदा लागू झाला आहे. रॉचडेलमध्ये बुरशी लागलेल्या घरात राहून 2020 साली दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलाचे नाव त्याला दिले आहे. त्यानुसार तातडीच्या धोक्यावर 24 तासांत कारवाई व्हायला हवी आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची चौकशी 10 कामकाजाच्या दिवसांत. किल्लीवाल्या माणसाला हे आकडे लिहून द्यावेत. दाद लागली नाही तर आधी काउन्सिलच्या तक्रारीच्या दोन पायऱ्या आणि मग हाउसिंग ओम्बड्समन, म्हणजे घरांच्या तक्रारींचा स्वतंत्र लोकपाल, असा मार्ग आहे.

आणि घर जाण्याची नोटीस आलीच, तर ऑगस्ट 2023 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ती नोटीस हातात पडल्यापासून मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि सुनावणीच्या दिवशी न्यायालयात वकीलही उपलब्ध असतो. शेल्टर, सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्था किंवा जवळचे लॉ सेंटर (मोफत कायदा सल्ला केंद्र) या सेवेपर्यंत पोहोचवतात. आपण भारतात असाल तर सुनावणीची तारीख पुढे ढकलण्याची किंवा व्हिडिओद्वारे हजर राहण्याची विनंती न्यायालयाला करता येते. ती लेखी करावी, आणि तिच्यासोबत हाउसिंग ऑफिसरला निघण्यापूर्वी पाठवलेल्या पत्राची व डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडावी.