सोहळा नाही, भाषण नाही, फक्त मतमोजणी
(एका चित्रपट मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, विषय आहे समीक्षकांचे पुरस्कार. फलक वाचून दोघा-तिघांनी आल्या आल्या विचारलं, की हे पुरस्कार असतात तरी कुठे, टीव्हीवर तर कधी बघितले नाहीत. बरोबर आहे. यातला माझा सगळ्यात आवडता पुरस्कार टीव्हीवर दिसणं शक्यच नाही, कारण त्याचा सोहळाच होत नाही. सभासद जमतात, मतं देतात, निकाल जाहीर करतात आणि विजेत्याला मानपत्र पाठवून देतात. संपलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार. अमेरिकेतल्या ‘नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स’ या संस्थेनं २०२४ सालच्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून पायल कपाडिया यांना निवडलं. चित्रपट अर्थातच ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. परभाषिक चित्रपटांतही तोच पहिला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, गोल्डन ग्लोबचा झगमगाट होता. तिथेही पायल यांना दिग्दर्शनाचं नामांकन होतं, पण पुरस्कार गेला ‘द ब्रुटलिस्ट’च्या ब्रॅडी कॉर्बे यांना. आपल्याकडे लोकांच्या लक्षात राहिलं ते रविवारी काय हुकलं ते. शनिवारी काय मिळालं, हे आज या सभागृहात किती जणांना ठाऊक होतं? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

हा चित्रपट आपल्या अगदी दाराशी घडतो. प्रभा आणि अनू या मुंबईत राहणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका, आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती. हे काम छाया कदम यांनी केलंय. त्यांना आपण ‘फँड्री’पासून ओळखतो. पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता, तो गेला. ज्या खोलीत ती वर्षानुवर्षं राहिली, तिचा एकही कागद तिच्याकडे नाही. बिल्डरला ती जागा हवी आहे. कागद नाही म्हणजे माणूसच नाही, असा सगळा हिशोब. मग एका रात्री पार्वती आणि प्रभा रस्त्यावर उभ्या राहून बिल्डरच्या भल्यामोठ्या जाहिरातफलकावर दगड मारतात. मारताना हसतात. या प्रसंगात ना क्रांती, ना घोषणा, पण गिरणगावाच्या शेवटाबद्दल मी वाचलेल्या कित्येक लेखांपेक्षा तो जास्त सांगून जातो. पुढे पार्वती सामान बांधून रत्नागिरीकडे आपल्या गावी निघते आणि चित्रपटही तिच्यामागोमाग समुद्रावर जातो. कान महोत्सवात याच चित्रपटाला ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं, तेव्हा मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोहोचून तीस वर्षं झाली होती. त्याआधीचा होता शाजी करुण यांचा ‘स्वहम्’, १९९४ मधला.

आणि ऑस्कर? परभाषिक विभागाचा तेव्हाचा नियम असा होता, की एका देशानं एकच चित्रपट पाठवायचा. आपल्या फिल्म फेडरेशननं ‘लापता लेडीज’ पाठवला. गंमत म्हणजे त्यातही छाया कदम आहेतच, मंजूमाईच्या भूमिकेत. निर्मितीत फ्रान्सचा वाटा होता, म्हणून तिथल्या निवड समितीच्या अंतिम यादीतही पायल यांचा चित्रपट होता. फ्रान्सनं ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला. म्हणजे दोन देशांच्या दारातून चित्रपट परतला. ‘लापता लेडीज’बद्दल माझी काही तक्रार नाही, तो मी मजेत बघितला. माझं म्हणणं नियमाबद्दल आहे. समीक्षकांच्या संस्थांना देश लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही. साधारणपणे त्या वर्षी अमेरिकेतल्या चित्रपटगृहात लागला असला की झालं. बाकी समीक्षकानं तिकीट काढून किंवा पास मिळवून तो पाहिलेला असावा, एवढंच.

आता मतं कशी देतात ते सांगतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. नामांकनं नसतात. प्रत्येक सभासद प्रत्येक विभागात तीन नावं लिहितो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. नुसते गुण जास्त मिळून भागत नाही, निम्म्याहून अधिक मतपत्रिकांवर नावही असावं लागतं. नसेल तर पुन्हा मतदान. आणि नंतर पहिल्या काही नावांचे गुण चक्क प्रसिद्ध करतात! कोण जिंकलं, आणि दुसरा-तिसरा किती फरकानं मागे राहिला, हे सगळ्या जगाला कळतं. आपल्याकडे एवढं उघड झालं तर किती मैत्र्या टिकतील, सांगा.

या संस्थेचा जन्मही रुसव्याफुगव्यातूनच झाला. त्याआधीची जुनी संस्था म्हणजे ‘न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कल’, १९३५ ची. तिथे मान दैनिकांच्या समीक्षकांना, साप्ताहिकं-मासिकांत लिहिणारे बाहेर. मग १९६६ मध्ये हॉलिस अल्पर्ट या समीक्षकाच्या न्यूयॉर्कमधल्या घरी ही मंडळी जमली आणि आपली वेगळी चूल मांडली. पहिल्याच वर्षी त्यांनी अंतोनिओनींचा ‘ब्लो-अप’ निवडला.

जुन्या न्यूयॉर्कवाल्यांची भांडणंही वाचण्यासारखी आहेत. १९३९ साली एका बाजूला ‘गॉन विथ द विंड’, दुसऱ्या बाजूला ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’. दोन्ही गट हटेनात. तेरा फेऱ्या झाल्या. शेवटी दमून तिसऱ्यालाच, ‘वदरिंग हाइट्स’ला, पुरस्कार दिला. ग्रामपंचायतीत सरपंचपदासाठी दोन तालेवार अडून बसले की बिनविरोध म्हणून भलत्याचंच नाव पुढे येतं ना, तसं. पण दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, याच लोकांनी ‘सिटिझन केन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांची वर्तमानपत्रं त्या चित्रपटाच्या विरोधात उभी होती आणि ऑस्करनं त्याला पटकथेपलीकडे काही दिलं नाही, हे ध्यानात घ्या. १९६२ सालासाठी तर पुरस्कारच दिले नाहीत. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा संप होता. छापायला पेपरच नाही, तर समीक्षक कसला आणि पुरस्कार कसला!

पण समीक्षकांच्या मतानं खरोखर काही घडलं, अशी गोष्ट हवी असेल तर ती लॉस एंजेलिसची. १९८५ साल. टेरी गिलियम यांचा ‘ब्राझील’ हा चित्रपट तयार होता, युरोपात लागूनही गेला होता. अमेरिकेत तो युनिव्हर्सल कंपनीकडे होता आणि कंपनीचे प्रमुख सिड शाइनबर्ग यांना त्याचा शेवट पसंत नव्हता. त्यांना तो कापून गोड करायचा होता. गिलियम ऐकेनात. त्यांनी ‘व्हरायटी’ या धंद्याच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. मोकळ्या पानाला काळी चौकट आणि आत दोन ओळींचा प्रश्न: माझा ‘ब्राझील’ तुम्ही कधी प्रदर्शित करणार? खाली सही. एखाद्या निर्मात्याला भर बाजारात असं विचारायला छाती लागते.

त्यानंतर गिलियम यांनी चित्रपट गुपचूप समीक्षकांना दाखवायला सुरुवात केली. कंपनीला पत्ता नाही. डिसेंबरमध्ये ‘लॉस एंजेलिस फिल्म क्रिटिक्स असोसिएशन’नं मतदान केलं आणि अमेरिकेत एकाही चित्रपटगृहात न लागलेल्या ‘ब्राझील’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा असे तिन्ही पुरस्कार देऊन टाकले. युनिव्हर्सलची पंचाईत झाली. वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नावाजलेला माल गोदामात ठेवून कसं चालेल? तो त्यांना लागलीच लावावा लागला. त्या वर्षीचं ऑस्कर युनिव्हर्सललाच मिळालं, पण ‘आउट ऑफ आफ्रिका’ला. ते सोडा. ‘ब्राझील’ गोड शेवटाशिवाय लोकांपर्यंत पोहोचला. समीक्षकाच्या लेखणीत ताकद असते वगैरे मी एरवी कधी म्हणत नाही. इथे मात्र मतपत्रिकेनं कुलूप उघडलं, हे नाकारून चालणार नाही.

म्हणून समीक्षक शहाणे ठरतात का? मुळीच नाही. १९५८ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ आला. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्या वर्षी ‘द डिफायंट वन्स’ निवडला, ‘व्हर्टिगो’ला काहीच दिलं नाही. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकानं जगभरातल्या समीक्षकांना विचारलं, तेव्हा तोच ‘व्हर्टिगो’ पहिला आला, ‘केन’ला मागे टाकून. तेही समीक्षकच होते, फक्त चोपन्न वर्षांनंतरचे.

२०२४ कडे परत येतो. तीन मोठ्या संस्था, तिन्हींचे चित्रपट वेगळे. न्यूयॉर्कनं ‘द ब्रुटलिस्ट’, लॉस एंजेलिसनं ‘अनोरा’, नॅशनल सोसायटीनं ‘निकल बॉइज’. दिग्दर्शकही तीन: न्यूयॉर्कचे रामेल रॉस, लॉस एंजेलिसचे मोहम्मद रसूलोफ, नॅशनल सोसायटीच्या पायल कपाडिया. यातल्या रसूलोफना त्याच वर्षी तुरुंगवासाची शिक्षा झाल्यावर इराणमधून पळून जावं लागलं होतं. मतभेद इतके, आणि तरी दोन गोष्टींवर या साऱ्यांचं एकमत झालं. परभाषिक चित्रपटांत पायल यांचा चित्रपट न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसनंही निवडला. आणि अभिनयासाठी तिन्ही संस्थांनी मरियान जाँ-बाप्टिस्ट यांचं नाव घेतलं, माइक ली यांच्या ‘हार्ड ट्रुथ्स’साठी. लॉस एंजेलिसनं २०२२ पासून नट-नटी असा भेद काढून टाकलाय, म्हणून तिथे त्यांच्या जोडीला ‘अनोरा’ची मायकी मॅडिसन होती. ऑस्करनं मरियान यांना नामांकनसुद्धा दिलं नाही. मला विचाराल, तर त्या वर्षीच्या निकालांत बघण्यासारखी जागा हीच आहे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं जिथे एकत्र येतात, तिथलं काम आपण शोधून पाहावं.

मराठीत काय, असं कोणी तरी विचारणारच. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसमध्ये फिप्रेस्की, म्हणजे समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला, ही आपल्याकडची मोठी गोष्ट. पण तो परक्यांनी दिला. आपले पुरस्कार बघा: प्रायोजक, वाहिनी, नाच, मधे विनोदी स्किट, आणि जो येणार नाही त्याला बाहुली नाही अशी कुजबूज. त्यात ‘समीक्षक पसंती’ असा एक विभाग असतो. ते समीक्षक कोण, त्यांनी किती चित्रपट बघितले, कोणाला किती मतं पडली, काही पत्ता लागत नाही.

मराठीत नियमित परीक्षण लिहिणारी आणि यूट्यूबवर बोलणारी माणसं धरली, तर एका खोलीत सहज मावतील. जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांनी बसावं. तीन-दोन-एक गुण द्यावेत, नाव घालून मतं छापावीत. निर्मात्याकडून चहासुद्धा घेऊ नये, तो मंडळानं द्यावा. पहिल्या वर्षी तेरा फेऱ्या झाल्या तरी चालेल. मंडळाच्या कार्यवाहांशी मी याबद्दल बोललोय, खोली द्यायला ते तयार आहेत. कोणाकोणाला बोलवायचं यावर मात्र आमचं आत्ताच जमेनासं झालंय, तेव्हा तुम्हाला नावं सुचत असतील तर ती प्रश्नोत्तरांत सांगा.