मीठ, साखर आणि आतड्याची एक पेशी

पेशीपटलातून पदार्थांची ये-जा कशी होते, हे सांगताना विसरण (जास्तीकडून कमीकडे पसरणं), परासरण (पाण्याचं दाट द्रावणाकडे जाणं), सक्रिय वहन (ऊर्जा खर्चून नेणं) अशी वर्गवारी केली जाते. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण लहान आतड्याच्या एका पेशीत हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि एकावाचून दुसऱ्याचं अडतं. म्हणून आज तेवढी एकच पेशी पाहू, आणि जुलाबात द्यायची जलसंजीवनी (ओआरएस) तिच्यावर कशी चालते तेही.

पटलाची जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर, मधला थर तेलकट. ऑक्सिजन त्यातून सहज पार होतो. सोडियमच्या आयनाभोवती मात्र पाण्याच्या रेणूंचा वेढा असतो आणि तो टाकून तेलकट थरात शिरायला फार ऊर्जा लागते. ग्लुकोजही पाण्यात रमणारं. दोघांनाही प्रथिनांची दारं लागतात.

या पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. येन्स स्काऊ यांनी 1957 मध्ये त्याचं वर्णन केलं. एक एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून तो 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. परिणामी पेशीत दर लिटरमागे सोडियम 10 ते 15 मिलिमोल, तर बाहेरच्या द्रवात 140 च्या आसपास. खरी कमाई ही तफावतच.

आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-1 हे प्रथिन. त्यावर आधी 2 सोडियम बसतात, मग 1 ग्लुकोज, आणि तिघं मिळून आत येतात. इथे एटीपी थेट खर्च होत नाही. सोडियमच्या उतारावरून ग्लुकोज ओढलं जातं. पुढे ग्लुकोज ग्लुट-2 या दुसऱ्या प्रथिनातून रक्ताकडे उतरतं, सोडियम पंप बाहेर काढतो आणि पाणी परासरणाने मागोमाग जातं.

पटकीचं (कॉलऱ्याचं) विष पेशीतलं चक्रीय एएमपी, म्हणजे पेशीत निरोप पोचवणारा रेणू, वाढवतं. क्लोराइडच्या वाहिन्या उघड्याच राहतात, क्लोराइड पोकळीत जातं, पाठोपाठ सोडियम आणि पाणी. हेच जुलाब. एसजीएलटी-1 मात्र शाबूत राहतं. जलसंजीवनीचं सगळं गणित या एका दारावर उभं आहे.

जलसंजीवनीच्या 2002 पासूनच्या सूत्रात 1 लिटर पाण्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलिमोल, एकूण परासारिता (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) 245. रक्ताची साधारण 290, म्हणजे द्रावण थोडं पातळ आणि पाण्याचा ओढा रक्ताकडे. आधीच्या सूत्रात हा आकडा 311 होता.

चुका होतात त्या इथेच. लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली की परासारिता 490 होते. पाणी उलट आतड्यात खेचलं जातं, शिवाय रक्तातलं सोडियम वाढण्याचा धोका. चवीसाठी वरून साखर घातली तरी पाण्याचं तेच. दोन लिटर पाणी घातलं, तर सोडियम तोकडं पडतं. म्हणून पाणी आधी मोजायचं, पुडी पूर्ण ओतायची, मिसळल्यावर उकळायचं नाही आणि 24 तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

आणखी एक गैरसमज. द्रावण सुरू केलं तरी जुलाब लगेच थांबत नाहीत, कारण क्लोराइडच्या वाहिन्या अजून उघड्याच असतात. ‘उपयोग होत नाही’ म्हणून लोक नेमकं इथेच ते बंद करतात. जुलाब मोजत बसू नका. लघवी होतेय का, तहान आणि तोंडाचा कोरडेपणा कमी होतोय का, ते पाहा. माणूस गळून गेला, पिणंच जमेना किंवा उलट्या थांबेनात, तर शिरेतून सलाइन लागतं. तिथे वेळ घालवू नये.