अंगणातील साखळी

(दृश्य: वरूड, संत्र्याची मंडी, नोव्हेंबरमधील सकाळ)

अमरावती जिल्ह्यातील वरूड आणि मोर्शी हे तालुके संत्र्यासाठी ओळखले जातात, आणि आंबिया बहाराचा माल उतरू लागला की येथील प्रतवारीची यंत्रे दिवसभर थांबत नाहीत. या यंत्राकडे नीट पाहावे. फळे एका टोकाने आत येतात, फिरत्या रुळांवरून पुढे सरकतात, आणि रुळांमधील फट क्रमाक्रमाने रुंद होत जात असल्याने लहान फळ आधी खाली पडते, मोठे फळ नंतर. प्रत्येक आकाराचा माल आपापल्या कप्प्यात जमा होतो. मात्र या साऱ्या प्रवासात कोणत्याही दोन फळांची एकमेकांशी तुलना झालेली नसते.

कॅरेटपाशी उभी असलेली ही मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांबरोबर ती लहानपणापासून या मंडीत येते; पण यंत्र तुलना करत नाही, हे तिच्या ध्यानात आले ते यंदा, ‘डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम’, म्हणजे संगणकात माहिती मांडण्याच्या रचना आणि ती हाताळण्याच्या रीती, हा पेपर सुरू झाल्यानंतर.

दहा हजार संख्या चढत्या क्रमाने लावायच्या आहेत आणि प्रत्येक संख्येची उरलेल्या प्रत्येकीशी गाठ घालून पाहायची आहे असे धरले, तर जवळजवळ ५ कोटी तुलना कराव्या लागतात. गणितज्ञ जॉन फॉन न्यूमन यांनी १९४५ मध्ये मांडलेली मर्ज सॉर्ट ही पद्धत यादी निम्मी-निम्मी करत नेते, लहान तुकडे क्रमाने जोडत परत येते, आणि तेच काम सुमारे १ लाख २० हजार तुलनांत पूर्ण करते. मंडीतील यंत्राची वाट याहून वेगळी आहे, कारण ते फळाला केवळ फटीशी मापते. एका कप्प्यातील फळांचा आपसांतील क्रम त्याला ठाऊक नसतो आणि व्यापाऱ्याला तो नकोही असतो. हातातील कामाला किती क्रम पुरेसा आहे, हा या अभ्यासक्रमातील फार मोलाचा प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर या पत्र्याच्या शेडखाली रोज फिरत असते.

(दृश्य: महाविद्यालयाची प्रयोगशाळा, नंतर वर्ग आणि फळा)

महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. प्रयोगशाळेत दोघींना किंवा तिघींना मिळून एक संगणक येतो, आणि तास संपला की पुढची तुकडी दाराशी उभी असते. पुस्तक इंग्रजीत आहे, प्रश्नपत्रिकाही इंग्रजीत असते, आणि बारावीपर्यंत घरी-दारी मराठीच बोललेल्या या मुलांनी सुरुवातीचे काही आठवडे व्याख्या केवळ पाठ करण्यात घालवले. फळ्यावर जे लिहिलेले दिसते आहे, ते त्यानंतरचे आहे. शिक्षकांनी ‘स्टॅक’ हा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली ‘थप्पी’ असे लिहिले. शेवटी ठेवलेले कॅरेट आधी काढावे लागते, मधले ओढले तर थप्पी कोसळते, हे या वर्गातील कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ‘क्यू’च्या खाली त्यांनी जिनिंगच्या फाटकापुढील कापसाच्या गाड्या काढल्या: जी आधी आली, ती आधी रिकामी होईल.

विषय सोपा करून सांगण्यासाठी ही शब्दांची अदलाबदल केली जाते, असे मानणे चुकीचे आहे. विषय तेवढाच कठीण राहतो; फक्त विद्यार्थ्याची शक्ती शब्दाशी झगडण्यात न जाता संकल्पनेवर खर्च होते. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर तरुणपणी मॉस्कोच्या विद्यापीठात रशियन भाषेच्या यांत्रिक भाषांतराचा अभ्यास करत होते. शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमे नोंदलेला होता, त्यामुळे वाक्यातील शब्द आधी त्याच क्रमाने लावणे आवश्यक होते. जगभर शिकवली जाणारी क्विकसॉर्ट ही पद्धत त्यांना या गरजेतून सुचली, आणि ती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्याची धडपड या विषयाच्या इतिहासातच आहे.

(दृश्य: घराचे अंगण, संध्याकाळ, फरशीवर खडूने लिहिलेले आकडे)

हे तिचे अंगण आहे. फरशीवर खडूने १ ते २० आकडे लिहिलेले आहेत आणि काही आकड्यांवर रिकामी कॅरेट ठेवलेली आहेत. प्रत्येक कॅरेटमध्ये दोन चिठ्ठ्या आहेत. एकीवर साठवायची संख्या आहे. दुसरीवर पुढचे कॅरेट कोणत्या आकड्यावर आहे, तो पत्ता आहे. पहिले कॅरेट तुळशीपाशी, दुसरे न्हाणीच्या बाजूला, तिसरे पुन्हा ओट्याजवळ, अशी ती विखुरलेली असली तरी चिठ्ठी वाचत गेले की क्रम बिघडत नाही. शेवटच्या कॅरेटमधील पत्त्याची चिठ्ठी कोरी आहे. पुस्तकात जिला ‘लिंक्ड लिस्ट’ म्हणतात, ती ही साखळी.

आता तिला साखळीच्या मध्ये एक नवे कॅरेट घालायचे आहे. त्यासाठी कोणतेही जुने कॅरेट सरकवावे लागत नाही; दोन चिठ्ठ्या लिहिल्या की काम होते. पण त्या कोणत्या क्रमाने लिहाव्यात, यावर सारे अवलंबून आहे. पहिल्या प्रयत्नात तिने मागच्या कॅरेटमधील पत्ता खोडून तेथे नव्या कॅरेटचा आकडा लिहिला आणि मग नव्या कॅरेटची चिठ्ठी हातात घेतली. त्या चिठ्ठीवर लिहायचा पत्ता तर तिने नुकताच खोडला होता.

(येथे निवेदन नाही. ती उभी राहून अंगणाकडे पाहते.)

उरलेली तीन कॅरेट डोळ्यांपुढे आहेत, परंतु त्यांच्यापर्यंत नेणारी चिठ्ठी आता कोठेही नाही. माणसाला संपूर्ण अंगण दिसते. प्रोग्रामला हातातील चिठ्ठीपलीकडे काही दिसत नाही. संगणकावर हीच चूक झाली असती, तर कदाचित चुकीचे उत्तर आले असते, कदाचित प्रोग्राम मध्येच बंद पडला असता, आणि प्रयोगशाळेतील तास कारण शोधण्यातच संपला असता. येथे कारण फरशीवर पडलेले आहे. दुसऱ्या वेळी ती आधी नव्या कॅरेटमध्ये पुढचा पत्ता लिहिते आणि त्यानंतर मागच्या कॅरेटला हात लावते. वही तिने अजून उघडलेली नाही. तीच कृती ती पहिल्या कॅरेटच्या आधी करून पाहते, शेवटच्या कॅरेटनंतर करून पाहते, आणि मग पायरीवर बसून मोबाइलवर सी भाषेत प्रोग्राम लिहिते.

(दृश्य: ओट्याची भिंत, कोळशाने काढलेला गावांचा नकाशा)

भिंतीवरील वर्तुळे म्हणजे आसपासची गावे आहेत. रेघांवरील आकडे एसटीच्या टप्प्यांचे आहेत. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. एका गावापासून प्रत्येक गावाला जाण्याची सर्वांत कमी अंतराची वाट कोणती, हे ती बोटाने शोधते आहे, आणि ज्या गावाचे अंतर पक्के झाले त्याभोवती दुसरे वर्तुळ काढते आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांना ही रीत १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील एका कॅफेत बसलेले असताना सुमारे २० मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. संगणक अपुरे आहेत म्हणून हा विषय खेड्यात शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ती २० मिनिटे आठवावीत.

सत्राची परीक्षा झाली. ती या पेपरात उत्तीर्ण झाली. वर्गातील काही जणांचा विषय राहिला.

(दृश्य: पहाट, अंगणात उभी असलेली मालवाहू गाडी)

वडिलांना वावरात कॅरेट हवी आहेत. गाडीत चढवण्यापूर्वी मुलगी प्रत्येक कॅरेटमधील दोन्ही चिठ्ठ्या वाचते, त्याखालचा फरशीवरचा आकडा वहीत उतरवून घेते आणि मगच कॅरेट त्यांच्या हाती देते. संध्याकाळी गाडी परत आली की दुहेरी साखळी मांडायची आहे. तिच्यात मागच्या कॅरेटचा पत्ताही ठेवायचा असतो, म्हणून प्रत्येक कॅरेटमध्ये तीन चिठ्ठ्या लागतील.