मेहनत आणि खुराक

(पहाट. कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीचं अर्धं उघडं दार. आतून फक्त श्वासांचा आवाज.)

कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला पहाटे पाचला गेलात, तर दुकानं बंद असतात, पण तालमीत दिवा असतो. आखाड्यात तांबडी माती. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू असं काय काय जिरवलेलं. वास आधी येतो, माती नंतर दिसते. पोरं जोर मारतायत, कोपऱ्यात कुणाच्या बैठका चालल्यात. वस्ताद गप्प उभे, पण आकडा त्यांच्या डोक्यात पक्का.

इथं व्यायामाला मेहनत म्हणतात. आणि मेहनतीनंतर पोटात जातं तो खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण. तालमीत हे दोन शब्द जोडीनंच राहतात.

शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि बळ ही या गावाची ओळख झाली. फक्त एक समजूत त्याच्याबरोबर घट्ट बसली. बळ लागतं पैलवानाला. बाकीच्यांनी कुस्ती बघायची.

(तालमीपासून दोन गल्ल्या पलीकडचं घर. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेला लाकडी पाट.)

ही माझी आत्या. वय 72. अंगानं बारीक, म्हणून सगळे तिला काटक म्हणतात. गेल्या पावसाळ्यात तापानं आठ-दहा दिवस अंथरुणावर होती. ताप गेला, तोंडाला चव आली, जेवायला पाटावर बसली, आणि तिला उठताच येईना. एक हात जमिनीला, दुसरा गुडघ्यावर, शेवटी दाराची चौकट. "वय झालं," ती म्हणाली. घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा.

ते अर्धंच खरं होतं.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहून लवकर ओसरते. वयाबरोबर जास्त झिजतात ते झटक्यात काम करणारे तंतू. ओल्या फरशीवर पाय सरकला की क्षणात तोल सावरतात तेच हे. वैद्यकशास्त्रानं या झिजेला सारकोपेनिया हे नाव दिलं तेसुद्धा 1980च्या दशकाच्या अखेरीस. ग्रीक शब्द आहे, अर्थ साधा: मांस कमी पडणं.

आणि अंथरूण? 2007 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. ताप नाही, दुखणं नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं मांस सरासरी जवळजवळ एक किलोनं घटलं. आत्याला तर वर ताप होता, आणि पोटात पेज.

(जुन्या वैद्यकीय नियतकालिकाचं पान. मग पुन्हा तालीम.)

गेलेलं परत येतं का? 1990 साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावलं. आठ आठवडे. वजन हलकंफुलकं नव्हतं, दम लागेल असं होतं. नऊ जणांनी ते पूर्ण केलं, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. नव्वदीत!

याच संशोधकांनी 1994 साली शंभर वृद्धांवर पुढचा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणारे होते तिथंच राहिले.

हे एखाद्या वस्तादाला सांगितलं तर तो हसेल. मेहनत सुटली आणि खुराक चालू राहिला की काय होतं, ते कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत दिसतं. माजी पैलवान ओळखायला सोपा असतो, पोटावरून.

आत्याचं नेमकं उलटं. तिच्या वयाच्या बायकांनी मेहनत उदंड केली. जातं, पाटा-वरवंटा, विहिरीचं पाणी, उन्हातली भांगलण. खुराक मात्र कधी वाट्याला आला नाही. घरात मटण शिजलं की तांबडा-पांढरा रस्सा सगळ्यांत शेवटी तिच्या ताटात यायचा, तोवर पीस संपलेले असायचे. त्यामुळे जुन्या काळचं सगळं चांगलं होतं असं मला कुणी सांगायला लागलं की मी विषय बदलतो. मिक्सर आला, नळ आला, गॅस आला, बरंच झालं. मेहनत गेली. खुराक तेवढा अजून यायचाय.

आम्ही तिच्या एका दिवसाचा ढोबळ हिशोब मांडला. दोन वेळचा चहा, दोन भाकऱ्या, पातळ आमटी, भाजी, रात्री आमटी-भात. प्रथिनं जेमतेम 30 ग्रॅम. तिचं वजन 55 किलो. भारतातल्या आहारतज्ज्ञांनी मोठ्यांसाठी ठरवलेलं प्रमाण किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे तिला 46. आणि वय झालेल्या शरीराला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतं असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. उतारवयातले स्नायू जरा बहिरे होतात, थोड्या प्रथिनांना दाद देत नाहीत.

(पुण्यातली सकाळ. बसथांब्यावर उभे सडपातळ तरुण.)

हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपण वरून बारीक, आतून चरबीचे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूंमध्ये जाऊन साठते. कोठारच लहान असेल तर ती जाणार कुठं? आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो, त्यामागचं हे एक कारण.

(पुन्हा आत्याचं स्वयंपाकघर. कढईत मटकीची उसळ.)

पावडरचा डबा आम्ही आणला नाही. सकाळी दोन उकडलेली अंडी, 12 ग्रॅम. पेलाभर म्हशीचं दूध, 7. वाटीभर मटकीची उसळ, साधारण 7. मूठभर शेंगदाणे, आणखी 7. सोमवारी-गुरुवारी अंडं चालत नाही, त्या दिवशी झुणका आणि दही. मटण झालं की तिचं ताट आधी वाढायचं. या शेवटच्या नियमावर घरात सगळ्यांत जास्त कुरबुर झाली, आणि ती तिनंच केली.

मेहनतीचं जरा अवघड गेलं. "मी रोज रंकाळ्याला फेरी मारते की," हे तिचं उत्तर. फेरी चांगलीच, हृदयाला चांगली, मनालाही. पण चालताना पायांना जेवढं ओझं सवयीचं आहे तेवढंच मिळतं, आणि सवयीच्या ओझ्यानं स्नायू वाढत नाहीत. म्हणून आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून जोर, हातात पाण्याच्या भरल्या बाटल्या. शेवटच्या दोन खेपा जड जायला हव्यात. श्वास कोंडायचा नाही. सुरुवातीआधी डॉक्टरांना रक्तदाब आणि गुडघे दाखवले. मूत्रपिंडाचं दुखणं असतं, तर खुराकाचंही त्यांनाच विचारलं असतं.

एक चाचणी घरी करता येते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. पहिल्या दिवशी आत्याला 21 लागले.

(आज. चार महिन्यांनंतर. तीच खुर्ची. माझ्या हातात मोबाईलचं घड्याळ.)

एक. दोन. तिसऱ्याला ती थोडी पुढं झुकते, पण हात सोडत नाही. चार. पाच.

तेरा सेकंद.

मी आकडा सांगतो. ती खुर्ची बाजूला सरकवते, भिंतीचा पाट काढून जमिनीवर मांडते आणि त्यावर मांडी घालून बसते.

"खुर्चीचं काय घेऊन बसलायस," ती म्हणते. "हितनं मोज की."