फेस म्हणजे जिवाणू नव्हेत

मंडळी, इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरामागे आत्ता कंपोस्ट चहाचं, म्हणजे हवा सोडत खत भिजवलेल्या पाण्याचं, टिपाड बुडबुडत असणार, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे गांडूळखताची पुरचुंडी पाण्यात कशी सोडायची, फिश टँकचा पंप रात्रभर का चालवायचा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी का उडवायचं, यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल. आपण पंप बंद करतो, टिपाडात डोकावतो, वर पांढरा फेस दिसतो आणि म्हणतो, "जमलं!" काय जमलं?

काकवी, गूळ, विरघळलेली प्रथिनं यांतून हवा गेली की फेस येतो. त्याने जिवाणू किती आणि कोणते, हे कळत नाही. काळपट रंगानेही कळत नाही. वासाला मात्र मी मान देतो. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर प्राणवायू संपलाय, ते पाणी पिकावर घालू नका. पण वास मातीसारखा गोड आला म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही. ई. कोलाय, म्हणजे शेणातून येणारा, आजार पसरवू शकणारा जिवाणू, आहे की नाही, हे नाकाला समजत नाही.

आता माझी जुनी तक्रार ऐका, कारण ती नीट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एका प्रयोगशाळेत मी नमुना दिला होता. त्यांनी घट्ट बुचाच्या बाटलीत भरून घेतला, टेबलावर ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी अहवाल दिला. नत्र इतकं, स्फुरद इतकं, पालाश इतकं, आणि खाली शेरा, की खत म्हणून मूल्य नगण्य. अहो, मूठभर खत बादलीभर पाण्यात भिजवल्यावर युरियाची बरोबरी कोण मागतंय? आपण ते जिवाणूंसाठी करतो आणि जिवाणूंबद्दल अहवालात अवाक्षर नव्हतं! शिवाय बुचाखाली हा चहा काही तासांत आपला प्राणवायू खाऊन टाकतो. त्यांनी तपासलं ते माझ्या टिपाडातलं पाणी उरलंच नव्हतं.

बरं, काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, "एकूण जिवाणू मोजून द्या." १९८५च्या खत नियंत्रण आदेशात द्रवरूप ॲझोटोबॅक्टर या जिवाणू खताला मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत पेशींची अट आहे. पण तिथे जिवाणूचं नाव ठरलेलं असतं. आपल्या टिपाडात सरमिसळ असते. १० कोटी आले, पण कोणाचे? जत्रेत माणसं मोजून त्यात खिसेकापू किती होते, ते सांगता येतं का?

खिसेकापूंचाच, म्हणजे रोगजंतूंचाच, प्रश्न खरा आहे. अमेरिकेत सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट चहा कृतिगटाने २००४ साली अहवाल दिला. त्यात साखर, काकवी असलं काही घातलेल्या चहावर वेगळा कटाक्ष आहे आणि १०० मिलिलिटरला सरासरी १२६ ई. कोलाय ही मर्यादा सुचवली आहे. कारण प्रयोगांत दिसलं, की खतात थोडेसे ई. कोलाय किंवा साल्मोनेला राहिले असतील, तर काकवीवर तेही जोमाने वाढतात. आपण गूळ घालतो तो चांगल्या जिवाणूंना म्हणून, पण गूळ पंगत बघून वाढला जात नाही. जीवामृतात तर ताजं शेण आणि २०० लिटरला २ किलो गूळ. मातीत घाला, जरूर घाला. पण उद्या कापायच्या कोथिंबिरीवर, मेथीवर फवारू नका हो. ती कोथिंबीर कोणाच्या तरी लेकराच्या ताटात कच्ची जाते.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. ज्या घरगुती चाचण्या सांगायचं कबूल केलं होतं, त्या आता भराभर सांगतो.

पहिली चाचणी टिपाडाची नाही, खताची. ढिगात थर्मामीटर खुपसा. ५५ अंशांच्या वर जाऊन तो नीट तापला होता का, उलथापालथ झाली होती का, हे वहीत लिहा. गांडूळखत तसं तापत नाही, म्हणून त्यात घालायचं शेण आधी तापवून घेतलेलं हवं.

दुसरी, प्राणवायू. गटात मिळून एक मीटर घ्या आणि लिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. २० अंशांच्या पाण्यात ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. म्हणून आपल्या एप्रिल-मेमध्ये टिपाड सावलीत ठेवा आणि गूळ निम्म्यावर आणा, नाहीतर पंप पुरा पडत नाही.

तिसरी माझी लाडकी. स्वयंपाकघरातलं अळीव घ्या. दोन ताटल्यांत टिपकागद, प्रत्येकीत २० दाणे. एकीत साधं पाणी, दुसरीत चहा, पाच-पाच मिलिलिटर. झाकून ठेवा. दोन दिवसांत मुळं पट्टीने मोजता येतात. चहातली मुळं आखूड, तपकिरी टोकांची निघाली, तर क्षार जास्त आहेत किंवा खत कच्चं आहे. पुढची खेप पातळ करा, खत आणखी मुरू द्या. यात रोगजंतू मात्र कळत नाहीत.

त्यासाठी चौथी. पिण्याचं पाणी तपासायची, दूषित पाण्याने काळी पडणारी ती बाटली इथे वापरू नका. खतातले इतर जिवाणूही ती काळी करतात. निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यातून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत नमुना न्या आणि अर्जावर स्वतः लिहा: ई. कोलाय, प्रति १०० मिलिलिटर. नत्र-स्फुरद-पालाश खोडून टाका. आणि अहवाल हाती येईपर्यंत चहा फक्त झाडाच्या बुंध्याशी, आळ्यात.

आता प्रश्न विचारा. अळिवाच्या ताटल्या मी आणल्यात, त्या मागच्या टेबलावर आहेत.