डब्यावरचा आकडा आणि आतलं तांबं

राम राम मंडळी. ट्रॉलीचा फाळका निखळला की दर वेळी तालुक्याला कोण नेणार, म्हणून हल्ली मळ्यातल्या घरी छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन दिसतं. दुकानदार सहा किलोचा डबा पुढे सरकवतो, त्यावर ठळक छापलेलं असतं 400. आता हिशेब करा. 400 अँपिअरला आर्कमध्ये, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीत, सुमारे 36 व्होल्ट धरतात, म्हणजे 14,400 वॉट. सिंगल फेजवर त्यासाठी 60 अँपिअरहून जास्त करंट ओढावा लागेल. घरच्या मीटरला ते झेपायचं नाही, आणि त्या डब्यालाही नाही.

म्हणून डबा फिरवा आणि मागची पाटी वाचा. तिथे ड्यूटी सायकल दिलेली असते, म्हणजे दहा मिनिटांत किती मिनिटं काम. 200 अँपिअरला 30 टक्के असेल तर तीन मिनिटं काम, सात मिनिटं विश्रांती. अखंड चालवायचं तर साधारण 110 अँपिअरच. तेच 60 टक्के असेल तर अखंड 155 मिळतात. दहा नंबरच्या, म्हणजे 3.15 मिलीमीटरच्या रॉडला 90 ते 130 लागतात, तेव्हा हा फरक हाताला कळतो. शिवाय हे माप 40 अंश तापमानाचं असतं, आणि भुसावळचा मे महिना काही 40 वर थांबत नाही. पाटीवर ड्यूटी सायकलच नसेल, तर मशीन दुकानातच राहू द्या.

मग केबल. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. वर तांबूस आणि आत पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम. ते लवकर तापतं, आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, सैल होऊन रॉड धरायच्या होल्डरपाशी जळतं. 150 अँपिअरपर्यंतच्या घरकामाला 25 चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल घ्या. अर्थिंग क्लॅम्पची, म्हणजे लोखंडाला लावायच्या चिमट्याची, स्प्रिंगही दाबून बघा. ती ढिली असली की दोष उगाच रॉडला लागतो.

दुकानात दहा नंबरचे चार-पाच रॉड 120 अँपिअरवर लागोपाठ जाळायला लावा. पंख्याची हवा हाताला जोरात लागली पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

घरी आणल्यावर विहिरीपर्यंत 50 मीटर दीड चौरस मिलीमीटरची वायर ओढू नका. 20 अँपिअरला त्यातच 24 व्होल्ट गळतात. आधीच व्होल्टेज कमी, मग रॉड चिकटतो आणि शिव्या मशीनला.

कापूस भरलेल्या खोलीत वेल्डिंग नकोच. तंतू आणि काळी धूळ हीटसिंकमध्ये, म्हणजे आतली गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये, अडकली की मशीन वारंवार तापतं. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मग जाळीतून कोरडी हवा मारा. झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. काम करताना तापल्याचा दिवा लागला, तर बटण बंद करू नका. पंखा चालू राहिला तरच आतली गरमी बाहेर निघते.