होम थिएटर आणि अंगणातला खड्डा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'होम थिएटरच्या जोडण्या आणि त्यातले बिघाड'. तो मी घेणार आहेच. पण आज समोर वायरमन बसलेत, घर बांधायला काढलेली माणसं बसलीत, अशी एका जागी पुन्हा सापडायची नाहीत. म्हणून आधी अर्थिंगबद्दल बोलतो, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडणाऱ्या तारेबद्दल. आपल्याकडे आवाजात जरा खोट आली की खापर यंत्रावर फुटतं. मी इतकी घरं पाहिली, त्यातल्या बहुतेक ठिकाणी यंत्र धडधाकट असतं. दोष तारेत असतो, नाहीतर तार जिथं जाऊन संपते त्या जमिनीत.

लातूरचा २०१६ चा उन्हाळा इथं कुणाला सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तो एप्रिल. त्याच दिवसांत आमच्या गुरुजींचा फोन आला, "अरे, गाणं लागलं की मागं सारखा घूंऽऽ आवाज यायलाय. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला टाकला, पैसे भरले, पुन्हा तेच." गेलो. दुरुस्तीच्या दुकानात पॉवर सप्लायचं बोर्ड बदलून दिलं होतं. तिथं अ‍ॅम्प्लिफायर एकटाच टेबलावर लावलेला, त्याला ना सेट टॉप बॉक्स, ना छत्रीची, म्हणजे डिश अँटेनाची केबल. तिथं तो गप्पच राहणार! ग्राहकाच्या घरी कशाला काय जोडलंय, हे एका शब्दानं न विचारता बोर्ड बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनीतले पैसे होते ते.

मी काय केलं ते नीट ऐका, कारण हीच पद्धत सगळीकडे चालते. सगळं सुटं केलं आणि एकेक तार परत जोडत गेलो. एका वेळी एकच. नुसता अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर, आवाज स्वच्छ. सेट टॉप बॉक्स जोडला, तरी स्वच्छ. मग त्याच्या मागं छत्रीची केबल लावायला घेतली. स्क्रूचा आटा टेकला न टेकला तोच बारीकशी ठिणगी दिसली, आणि घूंऽऽ सुरू. केबल ओढली की बंद, लावली की सुरू. काकू दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "म्हणजे मशीन चांगलंय ना रे?" चांगलंच होतं.

मग मल्टिमीटर काढला. फेज (जिवंत तार) ते न्यूट्रल (परतीची तार) २३० व्होल्ट. फेज ते अर्थिंग बघितलं तर आकडा खालीवर नाचतोय. घराचं अर्थिंग नावापुरतं उरलेलं. वर गच्चीत छत्रीची केबल लोखंडी कठड्याला आवळून बांधलेली, तिचं बाहेरचं जाळं त्या लोखंडाला टेकलेलं. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जमिनीकडं जायच्या दोन वाटा झाल्या, एक प्लगच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनमधून आणि दुसरी छत्रीकडून. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये फरक पडला, आणि तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहायला लागला. आपली वीज ५० सायकलची, म्हणून स्पीकरमधून नेमका तोच घुमारा येतो. टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, तो याचाच भाऊ. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून थोडा करंट गळत असतो, त्याला जायला वाट नसली की पत्रा मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो.

अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला. घरातली अर्थिंगची तार तिथल्या पाइपाला येऊन मिळते. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आक्रसते, हे शेतकऱ्याला माहीत आहे. पाइपाभोवतीची माती बोटभर मागं सरकली होती. पाइप हवेत उभा असल्यासारखा! मीठ-कोळसा कधीकाळी घातलेला, त्यावर वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब नाही. आणि त्या उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओता म्हणायचं कुणाच्या तोंडानं? भांडी विसळलेलं पाणी ओतायला सांगितलं, त्याला काही पिण्याचं लागत नाही. भेगा मातीनं बुजवल्या, छत्रीची केबल कठड्यापासून सोडवून घराच्याच अर्थिंगला जोडली. घुमारा गेला.

आता वायरमन मित्रांना हात जोडून एक सांगतो. घुमारा घालवायला अ‍ॅम्प्लिफायरची तिसरी पिन काढू नका. आवाज जाईल, खरंय. पण उद्या आत फेज सुटून पत्र्याला लागला तर तो पत्रा जिवंत होईल, आणि धूळ पुसायला पहिला हात घरातल्या बाईचा लागतो. नवीन घर बांधणाऱ्यांनी बोर्डात तिसऱ्या भोकाला मागं खरोखर तार आहे का, हे प्लास्टर व्हायच्या आत स्वतः बघा. आणि मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. छत्रीची केबलही काढा, वीज त्याच वाटेनं येऊन एचडीएमआयची पोर्टं जाळते.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. छापलेला विषय आता भराभर घेतो.

चित्र आहे, साउंडबारला आवाज नाही: टीव्हीला एचडीएमआयची तीन-चार पोर्टं असतात, पण आवाज उलटा बाहेर पाठवणारं एकच, त्याच्यावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. एआरसी ही २००९ पासूनची सोय आहे. साउंडबारच्या बाजूलाही तेच नाव शोधा. मग सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयनं जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. प्रत्येक कंपनीनं त्याला आपलं वेगळं नाव दिलंय, त्यामुळं लोकांना ते सापडत नाही. तरीही बोंब असेल तर सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा, थोडं थांबून आधी टीव्ही चालू करा.

काही सिनेमांनाच आवाज नाही: आवाजाचं सेटिंग 'पीसीएम', म्हणजे न दाबलेला साधा आवाज, असं करा. टीव्हीला सगळे फॉरमॅट पुढं पाठवता येत नाहीत, डीटीएस हा सिनेमाच्या आवाजाचा फॉरमॅट तर बऱ्याच टीव्हींना नाही. पीसीएम केलं की ऑप्टिकल केबलवर दोनच चॅनल उरतील, पण आवाज येईल. ऑप्टिकल वापरत असाल तर टोकाची प्लास्टिकची टोपी काढलीय ना बघा, आणि दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतोय का तेही.

आवाज आहे, चित्र काळं, तेही फक्त फोर-के लावलं की: मध्ये जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याला एचडीसीपी २.२, म्हणजे चित्राची कॉपी रोखणारं कुलूप, समजत नसेल. सिनेमा चालवणारी डबी (सेट टॉप बॉक्स वगैरे) थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीनं परत आणा. भिंतीतून लांब केबल नेली असेल तर साध्या तांब्याच्या तारेचा भरवसा नाही. फोर-केला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत भार असतो. फायबरची एचडीएमआय केबल घ्या, पण तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असं लिहिलेलं असतं. उलटी टाकून वर प्लास्टर केलं तर भिंत फोडावी लागेल, म्हणून आधी जमिनीवर अंथरून चालवून बघा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर 'ऑडिओ डिले' हे सेटिंग कमी-जास्त करून बघा. धडधड कमी वाटत असेल तर एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागलीय का बघा. दोन्ही स्पीकरचे पडदे एकमेकांच्या विरुद्ध हलले की खर्ज एकमेकांना मारतो. तार फिरवा, तेच गाणं लावा, कानाला लगेच कळेल. बाकीचं ज्यांना विचारायचंय त्यांनी बाहेर या, मी थांबलोय.